बॅकग्राउंड बदललेलं पोर्ट्रेट खरं कसं दिसेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टुडिओत किंवा घरी काढलेल्या फोटोमागे किल्ला, समुद्र नाहीतर फुलांचं पठार बसवायचं, या कामाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फोटोशॉप, जिंप, फोटोपी किंवा मोबाइलवरचं ॲप, काहीही वापरत असाल तरी लेअर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) आणि मास्क (थराचा कुठला भाग दिसावा, कुठला झाकावा हे ठरवणारा काळा-पांढरा मुखवटा) यांची सोय असली की पुरे. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कटिंग अगदी स्वच्छ केलं, तरी माणूस चिकटवल्यासारखा का दिसतो?

कारण बघणाऱ्याची नजर कडेवर सगळ्यात शेवटी जाते. त्याआधी त्याला जाणवतं की चेहऱ्याच्या उजव्या गालावर ऊन आहे आणि मागच्या खांबावरचं ऊन मात्र नेमकं उलट्या बाजूला आहे. किंवा माणूस जमिनीवर उभा नसून जमिनीच्या पुढे तरंगतो आहे. काय चुकलंय हे त्याला सांगता येत नाही, पण चुकलंय हे कळतं.

मी कुठलंही काम या क्रमाने तपासतो: प्रकाशाची दिशा आणि जात, कॅमेऱ्याची उंची, पायाखालची सावली, काळ्या रंगाची खोली, रंगाची झाक, धूसरपणा आणि ग्रेन (फोटोतला बारीक रवाळपणा). केस त्यानंतर. लोक मात्र केसांवर दोन तास घालवतात आणि सावलीवर दोन मिनिटं. वेळेची ही वाटणी उलटी केली तर निम्मी कामं सुधारतील, असं माझं ठाम मत आहे.

२. आधी माणसाचा फोटो काढायचा की आधी बॅकग्राउंड ठरवायचं?

आधी बॅकग्राउंड. यात तडजोड नको.

एक नेहमीची मागणी घ्या: कोकणातला समुद्र, मावळता सूर्य आणि पुढे जोडपं. कोकण किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला. म्हणजे समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या मागूनच संध्याकाळचा सगळा उजेड येणार. त्याच्या केसांच्या आणि खांद्यांच्या कडा सोनेरी उजळतील, चेहरा सावलीत राहील आणि त्यावर आकाशाचा मंद, थोडा थंड उजेड असेल. आता स्टुडिओत समोरून दोन सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीतले दिवे) लावून काढलेला फोटो तिथे बसवला, तर कितीही रंग बदला, तो खरा दिसणार नाही. चेहऱ्यावरच्या सावल्या कुठे पडायच्या हे शटर दाबताना ठरून गेलेलं असतं.

बॅकग्राउंड आधी हातात असेल तर त्याच खोलीत काम जमतं. मागून एक दिवा, त्यावर नारिंगी जेल (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद), पुढे फक्त पांढरा रिफ्लेक्टर. गिऱ्हाईकाने फोटो आधीच काढून आणला असेल, तर उलटं करा: त्या फोटोतल्या उजेडाला साजेल असं बॅकग्राउंड शोधा आणि हवा तो सूर्यास्त का मिळणार नाही ते त्यांना दाखवून सांगा.

३. बॅकग्राउंडच्या फोटोत ऊन कुठून येतंय हे कसं ओळखायचं?

सावल्या बघा. खांब, झाडाचं खोड, उभा माणूस, जे सरळ उभं असेल त्याच्या सावलीची दिशा सूर्याच्या उलट असते. सावलीची लांबी उंची सांगते: सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली वस्तूएवढी, ३० अंशांवर उंचीच्या साधारण पावणेदोन पट, १५ अंशांवर पावणेचार पटीच्या आसपास. स्टुडिओतला मुख्य दिवा त्याच कोनावर चढवायचा.

जागा ओळखीची असेल तर आणखी सोपं. गेटवे ऑफ इंडिया बंदराकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून आहे. चौकात उभं राहून फोटो काढताना आपण पूर्वेकडे बघत असतो. त्यामुळे सकाळी सूर्य कमानीमागे असतो आणि दुपारनंतर आपल्या पाठीशी. कमानीमागून उगवतीची लाली दिसत असताना पुढच्या माणसाच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन असूच शकत नाही.

सावल्याच दिसत नसतील तर उजेड ढगाळ आहे. कास पठाराचे फुलांच्या हंगामातले फोटो बहुधा असेच असतात. तिथे उजेड वरून, सगळ्या आकाशातून येतो. हनुवटीखाली आणि भुवयांखाली मऊ काळोखी असते, नाकाची धारदार सावली नसते. असं बॅकग्राउंड नवशिक्यांसाठी सगळ्यात सोयीचं. खिडकीपासून थोडं आत, उन्हाचा पट्टा अंगावर येणार नाही अशा जागी माणसाला उभं केलं तरी बरंचसं जुळतं.

४. माणूस मागच्या जागेच्या मानाने राक्षसासारखा किंवा ठेंगणा दिसतो. आकार किती ठेवायचा?

अंदाजाने ओढून आकार ठरवू नका. यासाठी एक पक्का नियम आहे. सपाट जमिनीवर काढलेल्या फोटोत क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. कॅमेरा १५० सेंटीमीटरवर असेल, तर त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला क्षितिज त्याच्या १५० सेंटीमीटर उंचीवर छेदतं, तो जवळ असो वा लांब. १६५ सेंटीमीटरच्या माणसाच्या बाबतीत ते नाकाजवळ येतं. कॅमेरा ९० सेंटीमीटरवर धरला असेल तर कमरेजवळ.

म्हणून बॅकग्राउंडमध्ये आधी क्षितिज शोधा. समुद्र असेल तर ते दिसतंच. गल्ली, वाडा, देवळाचं आवार असेल तर फरशीच्या किंवा रस्त्याच्या समांतर कडा पुढे वाढवा, त्या जिथे मिळतात तिथून आडवी रेषा ओढा. आसपास इतर माणसं असतील तर ती रेषा त्यांच्या शरीराला कुठे छेदते बघा. तुमच्या माणसालाही तिथेच छेदायला हवी. पाय कुठे ठेवायचे हे ठरवलं की आकार आपोआप ठरतो.

स्टुडिओतला कॅमेराही त्याच उंचीवर हवा. नाहीतर आकार जुळूनही कोन चुकतो: मागची जमीन वरून पाहिल्यासारखी आणि माणसाच्या नाकपुड्या खालून दिसताहेत, असं होतं.

अपवाद डोंगराचा. गडाच्या बुरुजावरून समुद्र दिसत असेल तर क्षितिज कॅमेऱ्याच्याच उंचीवर असतं, पण खालच्या उतारावरचा माणूस संपूर्णपणे क्षितिजाखाली येतो. नियम फक्त कॅमेऱ्याच्या पातळीवरच्या जमिनीला लावा. पायऱ्या आणि उतार असतील तर जवळच्या दाराची किंवा कठड्याची उंची मोजपट्टी म्हणून वापरा.

५. कुठली लेन्स वापरू? मोबाइलचा फोटो चालेल का?

चेहऱ्याची आणि शरीराची ठेवण लेन्समुळे बदलत नाही, कॅमेऱ्याच्या अंतरामुळे बदलते. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. तो चेहरा लांबून टिपल्यासारख्या बॅकग्राउंडवर बसत नाही. दोन-तीन मीटर मागे जा आणि मग झूम करा. पूर्ण उंचीसाठी आणखी मागे.

मोबाइल चालतो, पण पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो कडा आपल्या अंदाजाने पुसतो आणि मग केस परत मिळत नाहीत. बरेच मोबाइल फोटो खूप शार्प करतात, त्यामुळे खांद्याभोवती बारीक पांढरट रेघ येते. रॉ फाइलची (कॅमेऱ्याने काहीही न सुधारलेल्या मूळ फाइलची) सोय असेल तर ती घ्या.

६. मागे पडदा कुठल्या रंगाचा लावू? हिरवाच लागतो का?

हिरवा पडदा व्हिडिओसाठी सोयीचा. स्थिर फोटोसाठी मी मध्यम करडा पसंत करतो, कारण त्याची झाक केसांवर आणि गालावर दिसत नाही. शिवाय आपल्याकडच्या नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो. हिरव्या पडद्यावर सॉफ्टवेअर पडद्याबरोबर बांगड्याही काढून टाकतं.

अंतिम बॅकग्राउंड उजळ असेल तर फिका करडा, गडद असेल तर गडद करडा घ्या. पूर्ण पांढरा, जोरदार उजळलेला पडदा टाळा, तो उजेड मागून कडांवर सांडतो. रंग कुठलाही असो, माणूस पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे हवा.

७. मोकळे केस कसे कापायचे?

सगळे केस वाचवायचा हट्ट सोडा. केसांचा घट्ट भाग, मग बटा, मग एकेकटे उडणारे केस असे तीन थर समजा. पहिला साध्या सिलेक्शनने निघतो. दुसऱ्यासाठी मास्कच्या कडेवर सॉफ्टवेअरमधला केसांसाठीचा ब्रश फिरवा किंवा चॅनलमधून मास्क बनवा: लाल, हिरवा, निळा यांपैकी ज्यात केस आणि पडदा यांच्यात सर्वांत जास्त फरक आहे त्याची प्रत घ्या, कर्व्हने (उजळ-गडदपणा बदलणाऱ्या आलेखाच्या साधनाने) फरक आणखी वाढवा, माणसाचा आतला भाग काळा रंगवा आणि काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून मास्क म्हणून वापरा. तिसरा थर सरळ काढून टाका आणि बारीक ब्रशने मोजके केस नव्याने काढा. रंग केसांतूनच उचला, रेघ टोकाला निमुळती ठेवा.

काळे केस फिक्या पडद्यासमोर असतील आणि नवं बॅकग्राउंडही फिकं असेल, तर आणखी एक उपाय आहे. मूळ फोटोची प्रत मल्टिप्लाय मोडमध्ये (यात पांढरं दिसेनासं होतं, गडद तेवढं उरतं) केसांच्या कडेपुरती ठेवा. पडदा पांढरा होईपर्यंत उजळला की तो नाहीसा होतो आणि केस राहतात. गडद बॅकग्राउंडवर हा उपाय चालत नाही.

८. केसांभोवती पांढरी किंवा हिरवी कड राहते. ती कशी घालवू?

मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर माणसाच्या लेअरवर रंग मोडमधला (उजेड तसाच ठेवून फक्त रंग बदलणारा) एक रिकामा लेअर क्लिप करा, म्हणजे तो फक्त माणसापुरता लागू होईल, आणि कडेवर आतल्या केसांचा रंग फिरवा. कड उजळ असेल तर तिथेच कर्व्हने गडद करा. मास्कची कड सगळीकडे सारखी फेदर (मऊ, पुसट) करणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. खांद्याची कड कापडाइतकी धारदार हवी, केसांची मऊ. फोकस गालावर असताना मागचा कान जेवढा धूसर, तेवढीच त्याची कडही धूसर.

९. पाय जमिनीवर टेकलेत असं वाटतच नाही. सावली कशी काढायची?

सावल्या दोन असतात आणि त्या वेगवेगळ्या लेअरवर काढाव्या लागतात.

पहिली टेकण्याची सावली. चप्पल आणि जमीन जिथे मिळतात तिथली अरुंद, जवळजवळ काळी रेघ. ती ढगाळ उजेडातही असते, घरातही असते. ती नसली की माणूस तरंगतो. बारीक ब्रशने, तळव्याच्या आकाराप्रमाणे काढा, एक-दोन सेंटीमीटरमध्ये विरून जाऊ द्या.

दुसरी पडलेली सावली. उन्हात ती पायाशी धारदार असते आणि डोक्याकडे जाताना मऊ होते, कारण सूर्य आकाशात एक बिंदू नाही, त्याची रुंदी साधारण अर्धा अंश आहे. सूर्य ४५ अंशांच्या आसपास असेल तर उभ्या माणसाच्या डोक्याच्या सावलीची कड दोन-तीन सेंटीमीटर पुसट असते, त्याहून फार जास्त नाही. पूर्ण सावली एकसारखी ब्लर केली की लगेच कळतं.

काळा रंग भरून पारदर्शकता कमी करण्यापेक्षा कर्व्हचा लेअर घेऊन त्याच्या मास्कमध्ये सावली रंगवा. खालची वाळू, गवत, फरशीच्या भेगा तशाच दिसत राहतात. किती गडद? त्याच फोटोतली दुसरी सावली बघा, तेवढीच. निरभ्र आकाशाखालची सावली किंचित निळसर असते, तीही छटा तिथूनच घ्या.

आता अडचण. बरेच जण माणसाचाच आकार काळा करून तिरका पसरवतात. ऊन साधारण समोरून किंवा मागून असेल तर ते खपतं. ऊन बाजूने असेल तर सावली सूर्याला दिसणाऱ्या आकाराची पडते: आपल्याला माणूस समोरून दिसतो, सावली मात्र बाजूच्या आकाराची. म्हणून फोटो काढतानाच दिव्याच्या जागेवरून त्याच पोझचा एक जास्तीचा फोटो घेऊन ठेवा. सावलीचा आकार त्यातून मिळतो.

गवतात काही पाती पायावरून पुढे आली पाहिजेत. वाळूत तळवा थोडा रुतला पाहिजे. स्टुलावर बसवून कातळावर ठेवायचं असेल तर स्टुलाला कातळासारखा कोन द्या, कारण मांडीखाली कापड कसं दबतं ते नंतर बदलता येत नाही. हे सगळं जमणार नसेल तर फोटो कमरेपासून वर कापा. त्यात कमीपणा काही नाही.

१०. रंग कसे जुळवायचे? ऑटो मॅच वापरलं की चेहरा विचित्र होतो.

रंगाआधी काळेपणा जुळवा. बॅकग्राउंडमध्ये माणसाइतक्याच अंतरावरची सगळ्यात गडद जागा किती काळी आहे ते बघा. माणसाचे केस त्यापेक्षा बरेच काळे असतील तर कर्व्हचं खालचं टोक वर उचला. सह्याद्रीच्या रांगा बघितल्यात तर एकेक रांग मागे जाताना फिकी आणि निळसर होत जाते. मधली हवा काळ्या रंगात उजेड मिसळते. मागे धुकं आणि पुढे कुळकुळीत काळा कोट, असं माणूस दूर उभा असताना होत नाही.

मग छटा. ती केल्विनमध्ये मोजतात: आकडा लहान तेवढा उजेड पिवळट, मोठा तेवढा निळसर. भर दुपारचं ऊन ५५०० केल्विनच्या आसपास, निरभ्र आकाशाखालची सावली ७००० च्या वर, घरगुती पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. एकाच फोटोत उन्हाची बाजू उबदार आणि सावलीची बाजू थंड असते, म्हणून सगळ्या माणसावर एकच फिल्टर चढवून भागत नाही. उजळ भाग आणि सावल्या वेगळ्या सुधारा.

शेवटी खालून उसळणारा उजेड. कोकणातल्या तांबड्या मातीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली आणि पांढऱ्या झब्ब्याच्या खालच्या भागात तांबूस झाक येते, हिरवळीवर हिरवट. अगदी हलक्या हाताने ही झाक दिली की माणूस त्या जागेचा होतो. माझ्या मते या कामातली सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच.

११. बॅकग्राउंड किती ब्लर करू?

सगळं एकसारखं ब्लर करू नका. माणसाचे पाय जिथे आहेत ती जमीन माणसाइतकीच स्पष्ट हवी, तिथून मागे आणि पुढे दोन्हीकडे धूसरपणा वाढत जायला हवा. ब्लर केल्यावर बॅकग्राउंडचा ग्रेनही पुसला जातो. म्हणून सगळं जुळवून झाल्यावर सर्वांत वर एकच ग्रेनचा लेअर टाका, तो माणूस आणि जागा दोघांवर पडू द्या.

१२. चष्मा, नथ, जर आणि ओढणी यांचं काय करू?

चष्म्याचा नंबर उणे असेल तर काचेतून कानशिलाची कड आत सरकलेली दिसते आणि तिथे मागच्या पडद्याचा छोटा तुकडा उरतो. तो विसरू नका. तिथे नवं बॅकग्राउंड किंचित लहान करून बसवा. काचेत आणि बुबुळात सॉफ्टबॉक्सचा चौकोन उमटला असेल आणि मागे जंगल असेल, तर चौकोनाच्या कडा मोडून तो वरच्या बाजूचा मऊ ठिपका करा.

नथीचे मोती आणि पैठणीची जर आजूबाजूचा उजेड परत फेकतात. त्यांच्यावर नव्या आकाशाचा रंग हलकेच चढवा.

झिरझिरीत ओढणीचा मास्क करड्या छटेचा हवा. पडद्याचा रंग तिच्यातून दिसत असतो, म्हणून प्रश्न ६ मधला करडा पडदा इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

१३. बाबा आता नाहीत. त्यांना कुटुंबाच्या नव्या फोटोत उभं करता येईल का?

हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. हे काम मी फार जपून करतो आणि तुम्हीही तसंच करा.

आधी घरात विचारा, विशेषतः आईला. काहींना असा फोटो आधार वाटतो, काहींना बघवत नाही. तिचा होकार आल्याशिवाय सुरुवात करू नका.

मग जुने फोटो गोळा करा. लग्नसमारंभातले फोटो बहुधा समोरच्या फ्लॅशचे असतात: चेहरा सपाट, मागच्या भिंतीवर काळी सावली. ते संध्याकाळच्या बागेत बसत नाहीत. खिडकीजवळचा किंवा अंगणातला एखादा फोटो मिळतो का बघा. पासपोर्ट आकाराचा छापील फोटो असेल तर १२०० पीपीआयवर (दर इंचाला १२०० पिक्सेल) स्कॅन करा. मोबाइलने छापील फोटोचा फोटो काढू नका.

नवा फोटो अजून काढायचा असेल तर तुमच्या हातात बरंच आहे. बाबांच्या फोटोतला उजेड वाचा (प्रश्न ३) आणि घरच्यांना तशाच उजेडात बसवा. मागच्या ओळीत दोघांच्या मधे मोकळी जागा सोडा, म्हणजे बाबांचे फक्त खांदे आणि चेहरा लागेल, हात-पाय शोधावे लागणार नाहीत. जुन्या फोटोचा ग्रेन आणि मऊपणा घालवू नका, नव्या फोटोला त्याच्याजवळ न्या. रंग जुळतच नसतील तर सगळा फोटो कृष्णधवल करा. चेहरा एआयने स्पष्ट करून घेतला तर तो घरच्यांना दाखवूनच पुढे जा. यंत्र हरवलेले तपशील अंदाजाने भरतं आणि बारीक फरकही मुलांच्या लक्षात येतो.

आणि एक पर्याय आवर्जून सुचवतो: मागच्या भिंतीवर बाबांची तसबीर. ती वेगळ्या उजेडातली असली तरी खोटी वाटत नाही.

१४. एआयने बॅकग्राउंड बनवलं तर हे सगळं टळेल का?

थोडं टळतं, सगळं नाही. छटा जुळवणं आणि कडा मिसळणं ही साधनं झटपट करतात. पण तयार झालेल्या चित्रात दोन खांबांच्या सावल्या दोन दिशांना, किंवा फरशीच्या रेषा वेगवेगळ्या क्षितिजांकडे जाणाऱ्या, असं अजूनही होतं. ओळखीची जागा मागितली तर कमानी आणि बुरुजांची संख्या बदललेली असते. गावातल्या माणसाला ते लगेच कळतं. प्रश्न ३ आणि ४ मधल्या तपासण्या इथेही करा.

१५. स्क्रीनवर छान दिसतं, प्रिंटमध्ये चिकटवलेलं दिसतं. असं का?

स्क्रीनवर तुम्ही फोटो लहान करून बघता. १२ बाय १८ इंचांचा प्रिंट ३०० पीपीआयला ३६०० बाय ५४०० पिक्सेलचा होतो. बॅकग्राउंड इंटरनेटवरून घेतलेलं, १५०० पिक्सेलचं असेल तर ते ताणलं जातं आणि माणूस एकटाच कुरकुरीत स्पष्ट दिसतो. दोन्ही फोटो अंतिम आकारात १०० टक्के झूमवर शेजारी ठेवून बघा. लॅबला विचारून योग्य रंगप्रोफाइल (फाइलमधले रंग कसे वाचायचे हे सांगणारं मानक) द्या, बहुतेक लॅब एसआरजीबी हे प्रोफाइल मागतात, आणि आधी एक छोटा नमुना छापून घ्या.

१६. काम झालं की तपासायचं कसं?

फोटो आडवा उलटा करा, नजरेची सवय मोडते. मग वर काळ्या रंगाने भरलेला लेअर रंग मोडमध्ये ठेवा. सगळं कृष्णधवल होतं आणि उजेडातला फरक उघडा पडतो. नंतर वर एक कर्व्ह लेअर घेऊन तो खूप तीव्र करा, सावल्यांमधली छटा आणि कडेची रेघ लगेच दिसते. तपासून झालं की हे लेअर बंद करा. अंगठ्याच्या नखाएवढा करूनही बघा: तेवढ्या आकारातही माणूस वेगळा उठून दिसत असेल तर दोष उजेडात किंवा काळेपणात आहे, कटिंगमध्ये नाही.

१७. असा फोटो बनवणं म्हणजे फसवणूक नाही का? स्पर्धेला किंवा कागदपत्रांना चालेल?

छायाचित्रं जोडण्याची कला छायाचित्रणाच्या बरोबरीनेच वाढली. १८५० च्या दशकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार संवेदनशील होत्या, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश पांढरंफटक पडायचं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे आकाश आणि समुद्र दोन निगेटिव्हांवर घेऊन एकत्र छापायचे. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसेक निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र केलं. आपल्याकडे दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रण आणि छपाईत मुरलेले होते, आणि पडद्यावरचे चमत्कार त्यांनी कॅमेऱ्याच्याच युक्त्यांनी घडवले.

फसवणूक सुरू होते ती फोटो पुरावा म्हणून वापरला की. पासपोर्ट आणि व्हिसासाठी बॅकग्राउंड बदललेला फोटो देऊ नका, पांढऱ्या पडद्यासमोर नवा काढा. बातमी आणि निसर्ग या विभागांच्या स्पर्धांमध्ये फोटोत काही घालणं किंवा काढणं मान्य नसतं. काही स्पर्धांत जोडचित्रांसाठी वेगळा विभाग असतो, तिथे पाठवा.

१८. गूगलवर सापडलेला फोटो बॅकग्राउंड म्हणून वापरला तर चालतं का?

नाही. सापडला म्हणजे मोकळा झाला असं नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरचा हक्क, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं राहतो. परवान्यात व्यावसायिक वापर आणि बदल, दोन्हींना मुभा आहे का ते वाचा. त्याहून चांगलं म्हणजे स्वतःचा साठा करा. फिरायला जाल तिथे माणूस नसलेले फोटो काढा, कॅमेरा एकदा छातीच्या आणि एकदा कमरेच्या उंचीवर धरून. प्रत्येक वेळी जमिनीवर एक काठी उभी धरूनही एक फोटो घ्या. काठीची लांबी माहीत असली की माणसाचा आकार मिळतो आणि तिच्या सावलीवरून उन्हाची दिशा, उंची आणि सावलीचा गडदपणाही. फाइलच्या नावात जागा, वेळ आणि कॅमेऱ्याची उंची लिहून ठेवा.